पिवळी म्हणून बांधलेली

जिवंत कोंबड्याच्या पाठीवरून उपटलेलं एक पीस.

घासून घासून विरलेली चादर.

एका बाईची लाळ.

माणसाच्या दाढा.

खुंट्यांवर टांगलेल्या टोप्या.

ज्याला तोंडच दिलेलं नाही असा एक जीव.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध मी आहे. मी एक जुनी माशी आहे, आणि तीही खोटी. मला उडता येत नाही, भुणभुणता येत नाही, आणि माझ्या पोटातून एक लोखंडी गळ गेलेला आहे. सध्या मी एका स्वयंपाकघराच्या पडद्याला टोचलेली असते. गळ गंजला आहे. पिसाची कड कसरीने खाल्ली आहे. अंगावरचं रेशीम मात्र शाबूत आहे, आणि गोष्ट त्या रेशमाचीच आहे.

सांगता सांगता मी मध्येच थांबले तर समजून घ्या. काही गोष्टींचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

*

आधी पीस.

लेओनच्या डोंगरांतल्या कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात काही कोंबडे खाण्यासाठी नसतात, पिसांसाठी असतात. त्यांना कुणी मारत नाही. मांडीवर घेतात, थोपटतात, आणि चंद्र बघून एकेक पीस उपटतात. ते पुन्हा उगवतं. पुन्हा उपटतात. खोऱ्याबाहेर नेलं की या कोंबड्यांच्या पिसाची चमक जाते, असं इथले सगळे मानतात. म्हणून ते कुठे जात नाहीत. अंगणात फिरतात आणि वाट बघतात.

मी एका कोंबड्याच्या पाठीवर उन्हात पडून होते. मला वाटत होतं, मीच कोंबडा आहे. मग एक चिमटा बसला, कुणीतरी ओरडलं, आणि मी कोंबडा नव्हते.

इतकं झटपट होतं ते. आत्ता तुम्ही कुणीतरी असता, आणि आत्ता तुम्ही एका बाईच्या दोन बोटांत असता.

ती बाई एतेल्विना. तिने मला उजेडात धरलं नाही. खालच्या ओठावरून फिरवलं. पीस ताठ आहे की लेचंपेचं, हे ओठाला बरोबर कळतं. "चांगलं आहे," ती म्हणाली आणि मला टेबलावर ठेवलं, गळाशेजारी. गळाकडे बघून मला घाम फुटला असता, पण पिसाला घाम येत नाही.

*

एतेल्विना मासे पकडायच्या गळांवर पीस आणि रेशमाच्या खोट्या माश्या बांधायची. तिची आई बांधायची, आजी बांधायची.

मे महिना लागला की नदीच्या तळाशी, दगडांखाली वाढलेले पिवळे किडे वर येतात, पंख उघडतात आणि छोट्या शिडाच्या होड्यांसारखे पाण्यावरून वाहत जातात. पुस्तकात त्यांना मेफ्लाय म्हणतात. खोऱ्यात नुसतं 'पिवळी' म्हणतात. पिवळी उठली की नदीतल्या ट्राउट माशांना दुसरं काही सुचत नाही. दुसरं काहीही टाका, कितीही चविष्ट टाका, ते ढुंकून बघणार नाहीत. पिवळीच हवी, आणि नेमक्या रंगाची हवी. गाईच्या ताज्या लोण्याचा रंग, त्यात गवताची नकळत छटा. रंग जरा चुकला तर ट्राउट वर येतो, बघतो आणि परत जातो. म्हणून खोट्या माशीला खऱ्या माशीशी जुळवावं लागतं. हे जुळवणं एतेल्विनाइतकं कुणाला जमत नाही, असं खोऱ्यातले गळवाले वर्षानुवर्षं म्हणत आले होते. तिच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं. मूल नव्हतं, शेत उतारावरचं होतं. हे एवढं होतं.

जुळवायची रीत अशी. काचेच्या पेल्यात नदीचं पाणी घ्यायचं, त्यावर जिवंत पिवळी सोडायची आणि पेला खिडकीत ठेवायचा. रेशीम कोरडं जुळवायचं नाही, कारण पाण्यात ते गडद होतं. आधी धागा तोंडात घ्यायचा, ओला करायचा, मग किड्याशेजारी धरायचा.

एतेल्विनाने रिळांची पत्र्याची डबी उघडली. धागे तोंडात घेतले, बाहेर काढले, पेल्याशी धरले, टाकून दिले. मग एक पसंत पडला. गळ दोन बोटांत धरून तिने तो धागा त्याच्यावर गुंडाळला, त्यावर मी, म्हणजे पीस, आणि शेवटी मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ. गाठ बसली त्या क्षणी पीस, रेशीम आणि गळ यांची मिळून मी एक झाले. तिने मला तळहातावर घेतलं.

"झालीस पिवळी," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य. आपल्याला जिने बनवलं ती आपल्याला जे म्हणते, ते आपण असतो. मी पिवळी झाले.

तिचा नवरा ओनेसिमो दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पेल्यातल्या किड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, याला बोलता येत नाही.

"जुळली?" एतेल्विनाने विचारलं.

"जुळली," ओनेसिमो म्हणाला.

मग तिने मला पेल्यात सोडलं, त्या जिवंत पिवळीच्या शेजारी. मी आनंदाने तिच्याकडे बघितलं. तिचे पंख काचेसारखे होते, मागे केसासारख्या दोन शेपट्या. आणि तोंड नव्हतं. मी नीट बघितलं, फिरून बघितलं. जिथे तोंड असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. वर्षभर अंधारात दगडाला चिकटून राहायचं, पंख मिळवायचे, वर यायचं, आणि मग कळायचं की आता खाणं नाही, पिणं नाही, उद्या-परवापर्यंत संपायचं. इतकं सुंदर काही घडवून त्याला तोंड द्यायला कोण विसरलं?

मी इतकी हादरले होते की स्वतःकडे बघायचं मला सुचलंच नाही.

*

डबी. अंधार. खाली कापूस.

(इथे बराच वेळ काहीच घडत नाही.)

*

मग नदी.

ओनेसिमोने डबीतल्या आम्हां चौघींना एका दोऱ्याला ओळीने बांधलं आणि पाण्यात टाकलं. थंडीने माझा जीवच गेला, म्हणजे असता तर गेला असता. दुपार होती आणि पिवळी उठली होती. डावीकडे, उजवीकडे, वर, जिकडे बघावं तिकडे माझ्या बहिणी. पाण्याची कातडी फोडून त्या बाहेर येत होत्या, पंख वाळवत होत्या, वाहत होत्या. मी त्यांना हाक मारणार होते. तेवढ्यात माझी नजर पुढच्या माशीवर गेली. तीही एतेल्विनाच्याच हातची होती, त्याच रिळाची, त्याच सकाळची. हुबेहूब मी.

ती पांढरी होती.

मित्रांनो, मी थांबते जरा.

ती पांढरी होती. धुतलेल्या बशीसारखी. चुन्यासारखी. सगळ्या पिवळ्या नदीत आम्ही चौघी पांढऱ्या होतो, आणि मी आतापर्यंत स्वतःला ज्या नावाने ओळखत होते ते नाव माझ्या अंगावर नव्हतंच.

खालून एक ट्राउट वर आला. त्याचा डोळा जवळजवळ माझ्याएवढा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, इतक्या जवळून की मला त्या डोळ्यात माझा पांढरा ठिपका दिसला. मग त्याने शेपटी फिरवली आणि माझ्या शेजारची जिवंत पिवळी गिळली.

कुणी आपल्याला खाल्लं नाही म्हणून वाईट वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ओनेसिमोने दोरा ओढून घेतला. काठाच्या दोन्ही बाजूंना चोरासारखं बघितलं. कोटाच्या आतल्या खिशातून दुसरी डबी काढली. तिच्यात माश्या होत्या. पिवळ्या, ताज्या लोण्याच्या रंगाच्या. त्याने आम्हांला सोडवून टोपीच्या पट्टीत खोचलं आणि त्यांना दोऱ्याला बांधलं. टोपीवरून मला सगळं दिसत होतं. ट्राउटमागून ट्राउट येत होता.

त्या माश्या बेनिल्देच्या हातच्या होत्या.

*

बेनिल्दे पुलापलीकडे राहायची. तीही माश्या बांधायची. फार वर्षांपूर्वी जत्रेत कुणीतरी तिची एक माशी एतेल्विनाच्या हातात देऊन विचारलं होतं, कशी आहे. एतेल्विनाने ती बोटांत फिरवली आणि म्हणाली होती, "छान आहे. टोपीला लावा."

म्हणजे शोभेला, पाण्यात टाकायला नव्हे. हे वाक्य संध्याकाळच्या आत खोऱ्यात वरपासून खालपर्यंत पोहोचलं. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणत. पुलावर समोरासमोर आल्या तर हवेबद्दल एक वाक्य बोलत आणि कठड्याच्या दोन बाजूंनी निघून जात.

आणि आता त्या मे महिन्यात खोऱ्यातला प्रत्येक गळवाला एतेल्विनाकडे पुढच्या दाराने येऊन माश्या घेत होता, आणि बेनिल्देकडे मागच्या दाराने जाऊन माश्या घेत होता. एतेल्विनाच्या टोपीला, बेनिल्देच्या पाण्याला. कुणी ठरवलं नव्हतं. सगळे आपापले तसंच वागत होते. खालच्या रस्त्यावर तार्सिसिओची दारूची खानावळ होती. तो म्हणायचा, माझी टोपी अशी सजली आहे की आता नवरीच शोधायची राहिली. लोक हसायचे, आणि मग गप्प व्हायचे.

न बोलण्याचं कारण होतं. या खोऱ्यात माशी बांधणाऱ्या बाईला 'तुझी माशी चालत नाही' असं कुणी तोंडावर म्हणत नाही. माशी परत आणून दाखवतात, बस. ट्राउटच्या बारीक दातांनी फाटलेली, पीस विस्कटलेलं, रेशीम पिंजलेलं. तीच शाबासकी. आणि माशी नवीकोरी परत आली, तर बाईला काय कळायचं ते कळतं.

बाकीचे लोक माश्या परत दाखवायला न्यायचे टाळू शकत होते. ओनेसिमोला ते शक्य नव्हतं. तो तिच्याच घरात जेवायचा.

एके दिवशी परतताना तो पाणचक्कीच्या भिंतीआड गेला. टोपीतून मला काढलं. माझ्याकडे बघत बसला. मग त्याने मला तोंडात घातलं आणि चावलं.

मला. एका माणसाने. चावलं.

गळाचं टोक ओठाबाहेर धरून तो मला दाढांखाली या बाजूने त्या बाजूला फिरवत होता. तंबाखूचा आणि लसणाच्या सुपाचा वास होता. मला वाटलं, माझ्या नशिबी ट्राउट नव्हता, ओनेसिमो होता. मग त्याने मला दगडावर घासलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गळ हिरडीला लागला असावा.

घरी त्याने मला एतेल्विनाच्या हातात ठेवलं. "बघ, कसा तुटून पडला होता."

तिने मला बोटांत घेतलं. अंगठा पिसावरून नेला, रेशमावरून नेला, पुन्हा पिसावर आणला.

"म्हातारा ट्राउट होता का रे?"

"का?"

"याला दाढा आहेत."

ओनेसिमो जरा जास्तच मोठ्याने हसला. एतेल्विनाही हसली. पण तिचं बोट माझ्यावरून लवकर उठलं नाही. मग तिने मला त्याच्या टोपीत परत खोचलं आणि चादरी उचलून मागे धुवायला गेली. चादरी पिवळ्या पडतात, साबण पूर्वीचा राहिला नाही, असं ती हिवाळ्यापासून म्हणत होती. घासून घासून त्या चादरींमधून आता पलीकडचं दिसायला लागलं होतं.

*

शनिवारी ओनेसिमोने ट्राउट आणले आणि मोरीत ठेवले. त्यातल्या एकाने गळ खोल गिळला होता. त्याने नदीवर दोरा कापला होता, घरी गेल्यावर गुपचूप काढून घेऊ असं ठरवून. आणि तो विसरला. टोपी खिळ्याला अडकवली, मी टोपीवर, आणि तो पाव कापायला बसला.

एतेल्विना मासे साफ करत होती. ती हे काम न बघता करायची. सुरी पोटातून फिरायची, अंगठा घशात जायचा.

अंगठा थांबला.

तिने घशातून काहीतरी ओढून काढलं, पाण्याखाली धरलं आणि दोन बोटांत फिरवलं. मी खिळ्यावरून बघत होते, आणि मला ओरडायचं होतं. कशासाठी ते मला ठाऊक नाही.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

ओनेसिमो पाव कापत होता. कापतच राहिला.

"दोरा उलटा फिरलाय. बांधणारी डावखुरी आहे."

खोऱ्यात डावखुरी एकच होती.

"पुलापलीकडे मागच्या दाराने जातोस, हे मला कधीच सांगितलंय लोकांनी," एतेल्विना म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, बाईसाठी जातोस. ते एक वेळ चाललं असतं."

ओनेसिमो बरंच काही बोलला. पाणी यंदा फार गार आहे, ट्राउट लहरी झालेत, एखाद्या दिवशी बदल म्हणून. ती ऐकत नव्हती. तिने हात धुतले. खिळ्याशी आली, टोपी चाचपली, मी तिच्या बोटाला लागले, माझ्या शेजारच्या तिघीही लागल्या. तिने टोपी काढून घेतली आणि दाराबाहेर पडली. ओनेसिमो हातात पाव घेऊन मागे धावला.

*

शनिवारी दुपारी तार्सिसिओच्या खानावळीत बायका जात नाहीत. एतेल्विना आत शिरली तेव्हा पत्ते हवेत थांबले.

दाराशेजारच्या भिंतीवर टोप्या टांगलेल्या होत्या. ती पहिल्या टोपीपाशी उभी राहिली आणि तिने पट्टीवरून बोट फिरवलं. मग दुसरी. मग तिसरी. आंधळ्या माणसाने चेहरा ओळखावा तशी ती टोप्या ओळखत चालली होती. प्रत्येक पट्टीत माझ्या बहिणी होत्या, ताठ, चकचकीत, रेशमाचा एक धागाही न हललेल्या. एकीलाही कधी दात लागला नव्हता. मी खोऱ्यातल्या सगळ्या टोप्या तोवर एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. आम्ही किती होतो. देवा, आम्ही किती होतो.

शेवटच्या टोपीपाशी ती वळली.

"माझ्या नवऱ्याने निदान चावायचे तरी कष्ट घेतले," ती म्हणाली.

कुणाला हसू आलं नाही. तार्सिसिओ मागच्या बाजूने पुढे आला. मनाने चांगला माणूस होता तो, आणि चांगल्या माणसांना गप्प राहणं जमत नाही.

"अगं, वाया थोड्याच जाणार आहेत त्या? ऑगस्टमध्ये खालच्या नदीत पांढरी उठते ना, संध्याकाळची. तिला या इतक्या फक्कड—"

"पांढरी?"

तार्सिसिओने तोंडावर हात ठेवला.

"काय रंगाच्या आहेत या?" एतेल्विनाने विचारलं. तिने टोपी पुढे धरली. मी सगळ्यांसमोर होते. "कुणीतरी सांगा. बायकांना नसेल सांगायचं तर एकमेकांना सांगा, मी ऐकते."

माणसं पत्त्यांकडे बघत होती. रंग दिसतात तिथे, पत्त्यांत.

"पांढऱ्या आहेत, एतेल्विना," दारातून ओनेसिमो म्हणाला. त्याच्या हातात अजून पाव होता. "पहिल्या दिवसापासून."

मी तिचा चेहरा बघितला. मित्रांनो, मला नदीत जे कळलं होतं तेच तिला आता कळत होतं. आणि मला कळलं तेव्हा निदान कुणी बघत नव्हतं.

तिने टोपी डोळ्यांजवळ आणली, मग दूर नेली, मग खिडकीच्या उजेडात धरली. पुष्कळ वेळ. तिला मी पिवळीच दिसत होते.

"मी ऑगस्टसाठी बांधल्या नव्हत्या, तार्सिसिओ," ती म्हणाली, आणि गेली.

*

ती घरी गेली ती फक्त रिळांची डबी घ्यायला. मग पूल. पूल तिने मधोमध चालून ओलांडला.

मागच्या दाराशी कोंबड्या होत्या. ती पुढे गेली आणि पुढचं दार वाजवलं.

बेनिल्देने दार उघडलं. हात पिठाचे, कमरेला ऍप्रन. तिने एतेल्विनाकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता बोलणार. इतक्या वर्षांपूर्वीचं ते वाक्य आता परत येणार. टोपी तर समोरच होती.

"हवा बदलली," बेनिल्दे म्हणाली.

"यातलं पिवळं कुठलं?" एतेल्विनाने डबी पुढे केली.

"आधी आत या."

"बसायला नाही आले. पिवळं दाखवा, मी जाते."

बेनिल्देने डबी घेतली नाही. टोपी घेतली. मला बाहेर काढलं, डाव्या हातात धरलं, फिरवलं. मी आतापर्यंत या हातातून त्या हातात फिरत आले होते, पण या हाताची मला भीती वाटली. याला सगळं कळत होतं.

"हिला चावलंय कोण?"

"नवऱ्याने."

बेनिल्देच्या तोंडाचा कोपरा हलला. मग पुन्हा सरळ झाला. "गाठ अजून माझ्याहून सरस आहे. हे मी बाहेर कुठे बोलणार नाही." तिने मला खाली केलं. "माझा ऍप्रन कुठल्या रंगाचा आहे?"

"थट्टा करायची तर करा लवकर."

"रंग सांगा."

"पिवळा," एतेल्विना म्हणाली. "फिका पिवळा."

तो ऍप्रन पांढरा होता. पिठाने आणखी पांढरा झालेला.

बेनिल्देने इकडे तिकडे बघितलं, आपल्या घराकडे, भिंतींकडे, जणू कुणीतरी येऊन हे सगळं एका फटक्यात पिवळं करून गेलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. मग तिने एतेल्विनाची हनुवटी धरली, पिठाच्या हाताने, आणि चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यात वाकून बघितलं. मीही बघितलं. बाहुलीच्या आत, जिथे काळं असायला हवं, तिथे चहासारखं काहीतरी साकळलं होतं.

"कधीपासून गं?"

किती वर्षांनी ते 'गं' आलं होतं, हे तिलाही कळलं नसावं.

"मला काय माहीत. मला कुणी सांगितलं का?"

आणि मग एतेल्विना त्या उंबऱ्यावर बसली. बसायला आले नाही म्हणणारी बाई मटकन खाली बसली. "मी नाही बांधल्या तर मी काय करू, बेनिल्दे? तू सांग. मी काय करू?"

मी टोपीत नव्हते, मी बेनिल्देच्या मुठीत होते, आणि ती मूठ घट्ट आवळली गेली. गळ तिच्या तळव्यात घुसला असणार. तिने मूठ उघडली नाही.

ती शेजारी बसली. दुसऱ्या हाताने डबी मांडीवर घेऊन एकेक धागा ओढून बघू लागली. एक धागा तिने तोंडात घातला, ओला केला, बाहेर काढून उजेडात धरला आणि एतेल्विनाच्या तळहातावर ठेवला.

"हे पिवळं."

एतेल्विनाने तो धागा बोटांनी चाचपला. तिच्या दृष्टीने तो बाकीच्यांसारखाच होता. मग तिने, जी बाई बेनिल्देच्या विहिरीचं पाणी प्यायली नसती तिने, तो दुसऱ्या बाईच्या तोंडातून आलेला ओला धागा आपल्या तोंडात घातला, जणू रंगाला चव असते आणि ती आता कायमची लक्षात ठेवायची आहे.

*

त्या उन्हाळ्यात रंग बेनिल्दे निवडायची आणि बांधायची एतेल्विना. दोघी एका खिडकीत एका पेल्याशी बसायच्या आणि दिवसभर भांडायच्या, 'तू' म्हणून. शरद लागल्यावर लेओन शहरातल्या डॉक्टरांनी एतेल्विनाच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. जाड भिंगांचा चष्मा लावून ती परत आली. निळं इतकं निळं असतं हे आपण विसरलोच होतो, असं ती म्हणाली. तिने कपाट उघडलं, चादरी बघितल्या, आणि कपाट बंद केलं.

मग टोपी काढली. मला बाहेर घेतलं आणि चष्म्यासमोर धरलं.

"हिला मी पिवळी म्हणाले?"

तिने मला फेकलं नाही. स्वयंपाकघराच्या पडद्याला टोचलं, ओनेसिमोच्या खुर्चीच्या बरोबर समोर. तेव्हापासून तो रोज सूप पिताना माझ्याकडे बघायचा, आणि मी त्याच्याकडे. आम्ही दोघांनी एकमेकांची चव घेतलेली होती. पुढे ती खुर्ची रिकामी झाली. मग दुसरीही झाली. पडदा कुणी बदलला नाही.

मित्रांनो, मी कधी एकही ट्राउट पकडला नाही. मला सांगण्यासारखा पराक्रम नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी पांढऱ्याला पिवळं म्हणालं, तर 'जुळली' म्हणून पुढे जाऊ नका. त्यांचं मन राखायला दुसऱ्याच कुणाला चावत बसू नका. जवळ बसा, उजेड घ्या, आणि तुम्हांला जो रंग दिसतो त्याचं नाव मोठ्याने घ्या. त्यांना धक्का बसेल. बसू द्या. तो तुमच्यासमोर बसलेला बरा.

मला बांधलं त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत एतेल्विना खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती की यंदा बर्फ पिवळा पडलाय, आणि घरात जमलेले सगळे हसले होते.